वित्तीय परिसरातील कॉफी व कॉकटेल: एका छंदाची पूर्वतयारी

ज्या माणसाला छंद नाही त्याच्या हाती जिल्हा देता येत नाही, हे प्रशासनाचं मूलतत्त्व आहे. पूर येवो, दंगल होवो, टँकर न पोचो, आपला जिल्हाधिकारी फावल्या वेळात बासरी वाजवतो एवढं ठाऊक असलं की जनतेला धीर येतो. (आमच्याकडे एक होते. वाजवत असत. टँकर तरीही पोचत नसत, पण तो दोष टँकरचा.) म्हणूनच देशातल्या सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या परीक्षेच्या तपशीलवार अर्जात छंदाचा एक रकाना असतो. रकाना दीड बोटाचा. पण त्या दीड बोटात आजवर जितकी माणसं बुडाली तितकी यमुनेतही बुडाली नसतील. (हा आकडा मी स्वतः काढलेला असल्यामुळे तो तपासण्याची गरज नाही.)

मी श्रीरंग. मूळ संगमनेर, मुक्काम करोल बाग, वास्तव्य नऊ वर्षं. माझे सहाही प्रयत्न विधिवत संपले असून सध्या मी मराठी मुलांना मार्गदर्शन करतो. स्वतःला पोहता येत नसलं म्हणजे काठावरून शिकवण्याकडे पुरेसं लक्ष देता येतं. मुलाखतीपर्यंत मी एकदाच पोचलो. छंदाच्या रकान्यात ‘पक्षीनिरीक्षण’ लिहिलं होतं. मंडळातल्या एका सदस्यांनी खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, “तो कोणता पक्षी?” मी जरा विचार करून म्हणालो, “स्थलांतरित.” ती घार होती. दिल्लीत घारी किती आहेत हे मला त्या दिवशी बाहेर पडल्यावर दिसलं. बसस्टॉपवर उभा होतो तेवढ्या वेळात अकरा मोजल्या.

त्या घारीनंतर मी छंद हा विषय गांभीर्याने घेतला. आमच्या गल्लीत ‘शिखर’ नावाचा क्लास आहे, तिथे सक्सेना सर मुलाखतीची तयारी करून घेतात. छंदाबाबत त्यांचा सिद्धांत आहे: “रीडिंग तो सबकी हॉबी है, बेटा. जो सबकी है, वो किसी की नहीं.” संगीत, प्रवास, क्रिकेट हे छंद त्यांनी बाद केले आहेत. छंद असा हवा की समोरच्याने चष्मा सावरून पुन्हा वाचला पाहिजे. एका वर्षी त्यांचा एक विद्यार्थी ‘हस्तनिर्मित कॉफी’ लिहून पार झाला. पुढच्या वर्षी गल्लीत तेवीस जणांनी कॉफी लिहिली. त्यांतल्या एकवीस जणांना कॉफीने ॲसिडिटी होते.

अशा वातावरणात सुगत माझ्याकडे अर्ज घेऊन आला.

सुगत मेहकरचा. वडील काशीनाथ यांचं बसस्टँडसमोर मोटर वाइंडिंगचं दुकान. त्यांची नजर आता कमी झाली आहे, बारीक तार दिसत नाही, म्हणून सुगतने त्यांना शब्द दिला होता: हा शेवटचा प्रयत्न, नाही झालं तर परत येऊन दुकानात बसेन. मुलगा अभ्यासाला पक्का, बोलायला कच्चा, आणि त्याला एक वाईट खोड होती. कोणाचा पंखा कुरकुरला, गीझर बंद पडला, कूलरने पाणी सोडलं की हा खिशातून टेस्टर काढून हजर. आमच्या गल्लीतल्या चौदा इमारतींतला एकही पंखा असा नसेल ज्याला सुगतचा हात लागला नाही. मागून कोणी हाक मारली तरी ऐकू जायचं नाही, इतका तो त्यात बुडून जायचा.

“सर, हाच लिहू का छंद? दुरुस्ती?” त्याने विचारलं.

मी त्याला ‘शिखर’मध्ये नेलं. सक्सेना सर हसले. “वो हॉबी नहीं, काम है.”

हा भेद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. जे केल्याने दुसऱ्याचं अडलेलं सुटतं, ते काम. जे केल्याने कोणाचंच काही सुटत नाही, तो छंद. ज्यात हात काळे होतात तो धंदा, ज्यात हातात ग्लास असतो ती अभिरुची. मी सुगतला हे शांतपणे समजावलं आणि त्याच्यासाठी नवा छंद तयार करायला घेतला. कॉफीत गर्दी झाली होती, म्हणून तिला कॉकटेलची जोड दिली. विषय फार पसरू नये म्हणून भौगोलिक हद्द घातली. अखेर रकान्यात पुढील मजकूर बसला: ‘राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या वित्तीय परिसरांतील कॉफी व कॉकटेल स्थळांचा शोध.’ सक्सेना सरांनी तो चष्मा सावरून दोनदा वाचला. छंद मंजूर झाला.

लाभार्थ्याने मात्र हरकत घेतली. “सर, मी चहा पितो. आणि दारू आमच्या घरात चालत नाही. पाचवं शील आहे.”

सुगतचं घर बौद्ध. पंचशील तो रोज सकाळी म्हणतो, लाइट नसली तरी आणि पेपर असला तरी. पाचव्यात मद्यापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आहे. मी त्याच्या भावनेचा आदर केला आणि मजकुराकडे त्याचं लक्ष वेधलं. आपण ‘शोध’ म्हटलं आहे, ‘सेवन’ म्हटलेलं नाही. शोधायला कोणतंच शील आड येत नाही. त्याने मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. ही जुलैची गोष्ट. छंद जुलैत लागला, सुरुवात जानेवारीत झाली, कारण मधे मुख्य परीक्षा होती आणि तिचा निकाल लागेपर्यंत छंदाची गरज नव्हती.

निकाल लागला. सुगतला मुलाखतीचं बोलावणं आलं. हाताशी होते दोन महिने. मी तत्काळ अभ्यासगट स्थापन केला: अध्यक्ष मी, सचिव तेजश्री, लाभार्थी सुगत. तेजश्री औशाची. तिचा हा तिसरा प्रयत्न मुख्य परीक्षेत अडकला होता, त्यामुळे ती मोकळी होती आणि जरा कडवटही.

पहिले नऊ दिवस वित्तीय परिसर म्हणजे काय, हे ठरवण्यात गेले. कनॉट प्लेसमध्ये बँका आहेत, पण तिथे लोक मुख्यतः गोल फिरतात. गुरुग्रामच्या सायबर सिटीत काचेच्या इमारती आहेत, पण आत काय चालतं हे आतल्यांनाही नक्की सांगता येत नाही. (हे वित्तीय असल्याचं सबळ लक्षण मानण्यात आलं.) नोएडाचाही एक दावा आला होता. तो प्रलंबित ठेवला.

“दादा, आपण एकदा तिथे जाऊन बघायचं का?” तेजश्रीने दहाव्या दिवशी विचारलं.

सूचना धाडसी होती. पण तोवर नोट्स एकशे चाळीस पानांच्या झाल्या होत्या, म्हणजे प्रत्यक्षाशी ताडून पाहायला हरकत नव्हती. आम्ही राजीव चौकला मेट्रो बदलली, सिकंदरपूरला पुन्हा बदलली आणि एका मंगळवारी सकाळी साडेअकराला सायबर सिटीत उतरलो. धुकं एवढं होतं की वित्तीय परिसर तिसऱ्या मजल्यापासून वर दिसत नव्हता. तिघांच्याही अंगावर मुलाखतीसाठी शिवलेले कोट होते (सुगतच्या कोटाच्या बाहीवर शिंप्याचा कापडी बिल्ला तसाच होता, काढला तर अल्टर करून मिळत नाही असं तो म्हणाला), हातात क्लिपबोर्ड, गळ्यात क्लासची ओळखपत्रं.

‘गुड मंडे’ नावाचं कॅफे होतं. सातही दिवस उघडं असतं. आत बसलेले सगळे टी-शर्टात. साहेब कोण आणि शिपाई कोण हे कपड्यांवरून ओळखता येऊ नये, अशी त्या भागातली पद्धत आहे. आम्ही कोपऱ्यातलं टेबल घेतलं, एक फ्लॅट व्हाइट कॉफी मागवली (कप एक, पर्यवेक्षक तीन) आणि नोंदी सुरू केल्या. तेजश्री खुर्च्या मोजत होती. मी काउंटरजवळ उभं राहून मशीनचं नाव, देश आणि रंग लिहून घेत होतो. सुगत नुसता ऐकत बसला होता.

पाच मिनिटांत मॅनेजर धावत आले. यादवजी त्यांचं नाव. हातात फाइल. “सर, लायसेन्स पूरा है. फायर का भी है, बार का भी है. आप बैठिए ना, खड़े क्यों हैं?” आणि पाठोपाठ तीन प्लेट पेस्ट्री आली.

खाजगी क्षेत्र अभ्यासकांना इतकं सहकार्य करतं, हे पाहून माझा ऊर भरून आला. मी फाइल उघडून परवान्याची मुदत वाचू लागलो. यादवजींच्या कपाळावर जानेवारीत घाम होता. तेजश्रीने पेस्ट्रीला हात घातलेला होता. तेवढ्यात सुगत उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हम कोई अफसर नहीं हैं. किसी डिपार्टमेंट से नहीं हैं.”

यादवजी थबकले. त्यांनी आमचे कोट पाहिले, क्लिपबोर्ड पाहिले. “तो फिर आप लोग हैं कौन?”

नऊ वर्षांत इतका थेट प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. फॉर्मवर ‘उमेदवार’ असा पर्याय असतो, तो तिथे नव्हता. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी घरी जावंसं वाटलं, आणि घर म्हणजे कोणतं हेही चटकन आठवेना.

काउंटरवरून करकर असा आवाज आला आणि कॉफी दळायचं यंत्र बंद पडलं. सुगत म्हणाला, “दस मिनट से आवाज़ बदल रही थी. देखूं?” आणि कोट काढून खुर्चीला टांगलादेखील. पुढची वीस मिनिटं त्याला जगाचं भान नव्हतं. दात्यांत एक खडा अडकला होता, तो त्याने काढला, काहीतरी घट्ट केलं, काहीतरी सैल केलं, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कान लावून ऐकलं, डॉक्टर छाती ऐकतात तसं. मग हात पुसत हसला. त्याला असं हसताना मी प्रथमच पाहत होतो. यादवजी म्हणाले, “भाईसाहब, हमारी कंपनी वाला तो चार दिन बाद आता.”

विषयांतराबद्दल मी सुगतला परतीच्या मेट्रोत समज दिली.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत आमच्या गटाने एकूण एकतीस स्थळं पाहिली. मुख्य निष्कर्ष असे. ‘चहा मिळेल का?’ या प्रश्नाला सतरा ठिकाणी शांतता पाळण्यात आली. कॉफी पिणाऱ्यांपैकी शेकडा बासष्ट लोक राजीनामा कधी द्यायचा यावर बोलत होते. उरलेले तो देऊन आलेले होते आणि आता कामाला लागावं की काय यावर बोलत होते. संध्याकाळी सहाला त्याच टेबलांवर तीच माणसं कॉफीवरून कॉकटेलवर जातात. त्या वेळेला तिथे ‘हॅपी अवर’ म्हणतात. (प्रत्यक्ष पाहणीत त्या वेळेत आनंदी आढळलेले: दोन. दोघेही वेटर होते, त्यांची पाळी संपत होती.) काही ठिकाणी कॉफीचंच कॉकटेल मिळतं, हा आंतरविद्याशाखीय प्रकार असल्याने त्यावर प्रश्न येण्याची शक्यता सर्वाधिक धरून त्याला अकरा पानं दिली. प्रत्यक्ष वित्तीय व्यवहार एकतीसांपैकी एकाही ठिकाणी दिसला नाही. बिल अर्धं अर्धं करणं धरलं, तर एक.

कॉकटेलच्या प्रात्यक्षिकाची अडचण होती. सुगत फक्त वास घेई. ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, “संत्र्याची साल आहे, सर,” असं सांगायचं आणि ग्लास परत ठेवायचा. उरलेल्या द्रवाची जबाबदारी गटप्रमुख या नात्याने मी स्वीकारली. (नोट्सच्या कॉकटेल विभागात सातव्या पानापासून अक्षर बदललेलं दिसतं ते या कारणाने. बाराव्या पानावर नुसतं ‘आई’ असं लिहिलेलं आहे. त्यावर प्रश्न येणार नाही.)

आणि हे सगळं चालू असताना सुगतची खोड वाढतच होती. यादवजींनी शेजारच्या बारवाल्याला सांगितलं, त्याने वरच्या मजल्यावरच्याला. कुठे बर्फ फोडायचं यंत्र दमलेलं, कुठे मिक्सर जळका वास देणारा, कुठे कॉफी मशीनची वाफ गळणारी. आम्ही आत शिरलो की आतले लोक “सुगत भाई आ गए” म्हणून उठायचे आणि हा कोट काढायचा. मी पेयांच्या इतिहासाबद्दल बोलत असे. ऐकायला बहुधा तेजश्री असे, आणि तीही पेस्ट्रीपुरती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सुगत आम्हाला मयूर विहारला त्याच्या आत्याकडे जेवायला घेऊन गेला. कमलाबाई एका मंत्रालयात चौतीस वर्षं नोकरी करून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या. भाकरी वाढता वाढता त्यांनी तयारीची चौकशी केली. मी त्यांना नोट्स दाखवल्या, आता दोनशे चौदा पानं. सुगतने पाचवं शील कसं कसोशीने पाळलं, हेही अभिमानाने सांगितलं.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “पाचवं सांभाळायला तुम्ही तिघं गुडगावभर ग्लास हुंगत हिंडलात. आणि चौथ्याचं काय?”

मला चौथं ठाऊक नव्हतं. सुगतला होतं. त्याचा घास हातातच राहिला.

“खोटं बोलायचं नाही,” कमलाबाई मला म्हणाल्या. “असं चौथं शील आहे, श्रीरंग. पाचव्याच्या अगदी आधी येतं. बिल्कुल शेजारी.”

मी म्हणालो, “काकू, ते खोटं नाही, सादरीकरण आहे.”

“मी चौतीस वर्षं फायली पाहिल्यात रे. खोटी नोटिंग लिहितो एक आणि उत्तर द्यायला खुर्चीत बसलेला असतो दुसरा. त्या दिवशी खुर्चीत तू नसशील, हा असेल.” त्यांनी सुगतच्या ताटात आणखी भाकरी टाकली. “जेव बाळा. आणि माझा मिक्सर बघून जा, सुरू होत नाहीये.”

परतताना मेट्रोत मी सुगतला धीर देण्यासाठी नेग्रोनी या कॉकटेलमधले घटक विचारले. त्याने बरोबर सांगितले.

शिखर क्लासमधली सराव मुलाखत उत्तम झाली. सुगतने कॉफीच्या बियांचे प्रकार, एकतीस स्थळं मेट्रो स्थानकांच्या क्रमाने आणि कॉकटेलचा भारताच्या परराष्ट्र धोरणाशी संबंध अडीच मिनिटांत सांगितला. सक्सेना सर उठून टाळ्या वाजवत म्हणाले, “लगता है जैसे बचपन से पी रहा है!” सुगतचा चेहरा कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला. तेजश्रीने तो पाहिला. मीही पाहिला, पण मी तेव्हा टाळ्या वाजवत होतो.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी तो माझ्या खोलीवर आला. पंखा कुरकुरतोय म्हणाला. स्टुलावर चढला, पंखा उतरवला, आणि माझ्याकडे पाठ करून बोलू लागला.

“सर, मी उद्या विचारलं तर खरं सांगणार आहे.”

“काय खरं?”

“की हा माझा छंद नाही.”

मी त्याला मूर्ख म्हणालो. दोनशे चौदा पानं, म्हणालो. शेवटचा प्रयत्न आहे, बापाची नजर गेली आहे, तुझ्या एका वाक्याने सगळं मातीत जाईल, म्हणालो. हे सगळं मी त्याच्यासाठी बोलत होतो अशी माझी तेव्हा समजूत होती. आता वाटतं, मला त्याचा हेवा वाटला. त्या खिडकीपाशी मलाही एक वाक्य बोलता आलं असतं. ‘साहेब, मला पक्ष्यांतलं काही कळत नाही.’ एवढंच. ते सुचलंच नाही असं नाही. सुचलं होतं.

सुगतने पंखा परत लावला, बटण दाबलं, आवाज ऐकला. “आता नाही करणार त्रास,” एवढं म्हणून गेला.

मुलाखतीत काय झालं ते त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेवढंच नोंदवतो. अध्यक्षबाईंनी चष्मा सावरून रकाना दोनदा वाचला. (सक्सेना सरांचा सिद्धांत इथवर अचूक ठरला.) मग हसून म्हणाल्या, “सांगा बघू, सायबर सिटीत चांगली कॉफी कुठे मिळेल?”

“मी म्हणालो, मॅडम, चव मला कळत नाही. कॉकटेल तर मी कधी तोंडाला लावलेलं नाही. छंद दुसऱ्यांच्या सल्ल्याने लिहिला. सही माझी आहे, म्हणून चूकही माझी. तिथली यंत्रं मात्र मी दुरुस्त केली आहेत, त्यांच्याबद्दल विचारा.”

“मग?” तेजश्रीने विचारलं.

“त्या म्हणाल्या, मग खोटं का लिहिलं? मी म्हणालो, भीतीने.”

मी सवयीने तो शब्द लिहून घेतला.

“मग शेजारचे एक सर म्हणाले, आमच्या घरचा मिक्सर जळका वास मारतो. मी म्हणालो, कार्बन ब्रश झिजले असतील. मग ते दुष्काळाकडे वळले.”

मी ती रात्र सुगतला वाचवता येईल असा एखादा नियम शोधण्यात घालवली. नव्हता.

निकाल एप्रिलमध्ये लागला. सुगतचं नाव यादीत होतं. काशीनाथ यांना यादी वाचता येईना म्हणून दुकानासमोरच्या कंडक्टरने ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, पहिल्या नावापासून, आणि सुगतचं नाव येईपर्यंत त्यांनी त्याला मधे थांबू दिलं नाही, असं कमलाबाईंनी फोनवर सांगितलं. सांगताना त्या रडत होत्या. मीही थोडा रडलो. कोणाला सांगितलं नाही.

पुढे गुणपत्रिका आली. मुलाखतीत सुगतला दोनशे पंच्याहत्तरपैकी एकशे एक्कावन्न. तेजश्रीने गल्लीतल्या सगळ्या उमेदवारांची सरासरी काढली होती, ती एकशे त्रेपन्न भरली. म्हणजे खरं बोलल्याबद्दल त्याला बक्षीस मिळालं नाही आणि शिक्षाही झाली नाही. सरासरीपेक्षा दोनच गुण कमी. तो तरला ते लेखी परीक्षेवर, पंखे दुरुस्त करून झाल्यावर खोलीत केलेल्या अभ्यासावर.

हा तपशील गल्लीत कोणी फारसा मनावर घेतला नाही. निष्कर्ष आठवड्याभरात निघाला. सक्सेना सरांनी फळ्यावर नवा सिद्धांत लिहिला: ‘बी ऑथेंटिक’. प्रामाणिकपणाची पंधरा दिवसांची तुकडी सुरू झाली, त्यात ‘भीतीने’ हा शब्द किती सेकंद थांबून उच्चारावा याचा सराव घेतला जातो. आणि या वर्षी आमच्या चौदा इमारतींतल्या त्रेचाळीस उमेदवारांनी छंदाच्या रकान्यात लिहिलं आहे: ‘घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती.’ मी त्यांच्यासाठी नोट्स काढल्या आहेत. कॉफी व कॉकटेलची पानं मागे जोडून टाकली, कागद वाया जाऊ नये. प्रात्यक्षिक वगळलं आहे, शॉक लागतो. तेजश्रीने रकाना कोरा ठेवला. याबद्दल तिला लेखी समज देण्यात आली आहे.

ऑगस्टच्या शेवटी, दमट उकाड्यात घाम थांबत नसताना, माझा पंखा बंद पडला. मी त्रेचाळीसही उमेदवारांना पाचारण केलं. सगळे आले. एकाने छताच्या पंख्याचा इतिहास सांगितला, एकाने ऊर्जाबचतीच्या योजना, एकाने कपॅसिटरची व्याख्या उदाहरणासह दिली. दोघांनी थोडं थांबून ‘भीतीने’ म्हटलं. पंखा फिरला नाही. शेवटी तेजश्रीने सुगतला अकादमीत फोन लावला. तो म्हणाला, “सर, कपॅसिटर गेला असेल. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. दोन वायरी आहेत फक्त.” ते मी नोट्समध्ये पान दोनशे पंधरावर लिहून घेतलं. पंखा अजून बंद आहे. हे मी घामाने भिजलेल्या कागदावर लिहीत आहे.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. गुरुग्रामला गेलात तर कॉफी कुठे प्यावी आणि कॉकटेल कुठे, याची एकतीस ठिकाणांची यादी माझ्याकडे तयार आहे, मागाल तेव्हा देईन. त्याआधी एक किरकोळ औपचारिकता. तुमचाही कुठेतरी एक अर्ज आहे. नोकरीचा असेल, लग्न जुळवायच्या वेबसाइटवरचा असेल, सोसायटीच्या स्मरणिकेतला परिचय असेल. त्यात छंदाचा रकाना आहे, आणि त्यात पहिला शब्द ‘वाचन’ आहे. मला अंदाज करावा लागत नाही. नऊ वर्षांत मी असे सहाशे रकाने पाहिले आहेत.

तर सांगा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? (ही कथा धरू नका, हे पुस्तक नाही.) विचार करायला तीस सेकंद आहेत. आणि कृपया खिडकीबाहेर पाहू नका. तिथे घार आहे, ते मला माहीत आहे.